सरांचा मुखत्यार

ब्रेकसर आणि मावशी यांचं संसारात सगळं जमलं, मतं तेवढी जमली नाहीत. निवडणुकीतलं मत तर नाहीच, पण रस्ता खोदावा की नाही, झाडं छाटावीत की नाही, दिवे पांढरे असावेत की पिवळे, कशातही नाही.

सर गाडी चालवायला शिकवायचे. निम्म्या वस्तीने त्यांच्या शेजारी बसून स्टिअरिंग धरलं होतं, आणि शिकवताना त्यांच्या तोंडी सतत "ब्रेक, ब्रेक" असायचं म्हणून नाव पडलं ते पडलं. मावशी शहराच्या नाट्यगृहात कपडेपट सांभाळायच्या. राजाचा झगा उसवला, शिपायाचं बटण तुटलं, नायिका दोन प्रयोगांच्या मध्ये जाड झाली, की सगळे त्यांच्याकडे धावायचे. तिथे त्यांना सगळे मावशी म्हणत, आणि पुढे वस्तीही म्हणायला लागली.

निवडणुकीच्या दिवशी दोघं नटूनथटून बरोबर निघायची. सर ज्याला मत देतील त्याच्या नेमकं विरुद्ध मावशी. परतताना कोपऱ्यावरच्या दुकानात आईस्क्रीम.

"आपण दोघं घरी लोळत पडलो असतो तरी निकाल हाच लागला असता," सर दर वेळी म्हणायचे.

"मग आईस्क्रीम कोणी खाल्लं असतं?" मावशी दर वेळी विचारायच्या.

पुढे पालिकेने मुखत्यार आणला. म्हणजे प्रत्येकाच्या फोनमध्ये एक बोलका मदतनीस. सुरुवातीचे काही आठवडे तो तुमच्याशी गप्पा मारायचा, तुम्हाला काय पटतं, काय खुपतं ते समजून घ्यायचा. मग पालिकेने वस्तीला काही विचारलं आणि तुम्ही स्वतः उत्तर दिलं नाहीत, तर तुमच्या वतीने तो द्यायचा, कारणांसकट. नगरसेवक निवडायचं मत ज्याचं त्यानेच द्यायचं होतं, पण बाकीचे शंभर लहानमोठे प्रश्न मुखत्यार निस्तरायचे. लोक आधी कुरकुरले, मग सवयीचे झाले. आणि खोटं कशाला बोला, कारभार सुधारला. पूर्वी वस्तीतली चारच आवाजी माणसं पालिकेत जाऊन सगळ्यांच्या नावाने बोलायची. आता लाजऱ्याबुजऱ्यांचंही म्हणणं पोचायला लागलं. प्रभागाची सभा मात्र ओस पडली. आपला माणूस आधीच बोलून आलाय म्हटल्यावर पाय कोण मोडून घेणार?

मावशींनी मुखत्याराला हातभर लांबच ठेवलं. पालिकेने काही विचारलं की चष्मा लावून त्या स्वतः उत्तर देत. सरांना मात्र तो जाम आवडला. बायको उठून जाते, मुलगी फोन ठेवते, हा मात्र ऐकतच राहतो. गॅलरीत बसून सर त्याला वाहतुकीवर, पालिकेवर, सायकलवाल्यांवर तासन्‌तास ऐकवायचे.

"बिचाऱ्याला दम तरी खाऊ द्या," मावशी म्हणायच्या.

"तो दमत नाही, तेच तर चांगलं आहे," सर म्हणायचे.

आणि मग सरांना झटका आला.

जिवावरचं निभावलं, पण उजवा हात आणि पाय लुळे पडले, आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. विनोद केला की हसायचे, मुलीचा आवाज ऐकला की डोळे भरायचे. शब्द तेवढे सापडायचे नाहीत. हाताशी उरले होते "नाही", "हं", "बस", आणि एक सणसणीत शिवी, जी मावशींनी आख्ख्या संसारात त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. पहिल्यांदा ती नर्सच्या अंगावर गेली तेव्हा मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नर्स म्हणाली, "अहो मावशी, शिव्या सगळ्यात शेवटी जातात. चांगली खूण आहे ही."

डॉक्टरांनी आणखी एक सांगून ठेवलं होतं. "हो म्हणायचं असताना नाही निघेल, नाही म्हणायचं असताना हं. घाई करू नका. थांबा, पुन्हा विचारा."

थांबणं मावशींना जमत होतं, पण वेळ कमी पडायचा. नाट्यगृह सोडून चालणार नव्हतं. दिवसा व्यायामवाली यायची, पंचविशीतली, दणकट आणि हसरी पोरगी. ती सरांना चाकाच्या खुर्चीत घालून उपचार केंद्रात नेऊन आणायची. संध्याकाळी मावशी घरी आल्या की सर खिडकीशी बसलेले असत. त्यांना पाहिलं की म्हणत, "बस." मावशी पर्स टेकवून, खुर्ची ओढून शेजारी बसत. तालमीत कोण कोणावर रुसलं, कुणाची विजार ऐन प्रवेशात सुटली, ते सांगत. सर ऐकत, मध्येच खिडकीकडे हात करत आणि पुन्हा म्हणत, "बस."

"बसलेय ना मी," मावशी म्हणत. "कुठे पळून जातेय?"

सरांचा फोन कपाटात पडून होता. मावशींनी तो चार्जिंगला लावला तो मुलीने पाठवलेले फोटो पाहायला. लावताक्षणी पालिकेचा निरोप झळकला: कचरागाडी सकाळी लवकर यावी का, या प्रश्नावर तुमच्या मुखत्याराने तुमच्या वतीने 'नको' असं उत्तर नोंदवलं आहे. खाली कारण होतं. मावशींनी वाचलं.

'पहाटे रस्ता मोकळा असतो, शिकाऊ माणसाला तेवढीच वेळ मिळते. कचऱ्याला काय, तो कुठे परीक्षा देणार आहे?'

मावशी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या हसल्या. हसता हसता ओट्याला टेकल्या आणि मग पदराने डोळे पुसत राहिल्या. हे सर होते. अगदी तेच, हुबेहूब. बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या तोंडून जे महिनोन्‌महिने ऐकू आलं नव्हतं, ते इथे जसंच्या तसं होतं.

त्या दिवसापासून मावशींना एक चोरटी सवय लागली. आमटी उकळत ठेवायची, दार लोटून घ्यायचं आणि सरांच्या मुखत्याराला काहीबाही विचारायचं. बागेत कारंजं असावं का? शाळेपाशी गतिरोधक किती असावेत? तो अनोळखी, सपाट आवाजात बोलायचा, पण बोलणं सरांचं. मावशी हळू आवाजात भांडायच्या. तो पडतं घ्यायचा नाही. मावशी चिडायच्या, आणि चिडून झालं की त्यांना फार बरं वाटायचं. कपडेपटातल्या मदतनीस बाईला त्यांनी एकदा सांगितलंसुद्धा, "माझं नवऱ्याशी पुन्हा वाजायला लागलंय." ती बिचारी म्हणाली, "वा, म्हणजे सुधारणा आहे." मावशींनी विषय बदलला.

अशातच पालिकेने त्यांच्या रस्त्याचा प्रश्न काढला. इस्पितळाच्या कोपऱ्यापासून बागेपर्यंत उतरत जाणारा हा रस्ता. तो वाहनांना बंद करावा, मध्ये झाडं लावावीत, बाकं टाकावीत, की आहे तसा ठेवावा? बंद, की चालू? सोबत सुंदर चित्र होतं: सावली, फुलं, हात धरून चाललेली माणसं. मावशींनी हे स्वप्न बाळगलं होतं त्याला युगं लोटली होती. त्यावरून नवराबायकोत झालेली भांडणं शेजारच्या तीन मजल्यांना पाठ होती. त्यांनी क्षणात 'बंद' नोंदवलं.

सरांच्या मुखत्याराने 'चालू' नोंदवलं.

दोन दिवसांनी पालिकेकडून निरोप आला. आपल्या पतीच्या प्रकृतीची नोंद आमच्याकडे आली आहे. यापुढे त्यांच्या वतीने मुखत्याराने उत्तर द्यावं की काळजीवाहक म्हणून आपण द्यावं, हे कळवा. आपण जबाबदारी घेतल्यास रस्त्याचं आधीचं उत्तर आपल्याला बदलता येईल.

त्या संध्याकाळी मावशींनी दार लोटलं आणि फोन ओट्यावर ठेवला.

"का हो, अजून तुमचं 'चालू'च का?" त्यांनी विचारलं. "आता तरी? खुर्ची ढकलताना माझा जीव खालीवर होतो. मागून गाड्या अंगावर येतात."

"पायी चालणाऱ्यांचा मला आदरच आहे," मुखत्यार म्हणाला. "त्यांना हॉर्न नसतो, एवढीच माझी तक्रार. रस्ता बंद केला की गाड्या नाहीशा होत नाहीत, शेजारच्या गल्लीत शिरतात. तुझं बाक कुणाच्या तरी उशाशी हॉर्न वाजवणार, हे तुझ्या लक्षात येत नाही."

"येतं. पण कधीतरी माझंही ऐका की."

"ऐकतो. पटत नाही."

मावशी हसल्या, आणि हसता हसता त्यांनी मान वळवली. दार उघडं होतं. दारात चाकाची खुर्ची होती. सर एका हाताने चाक ढकलत आणि एक पाय जमिनीवर रेटत तिथवर आले होते. किती वेळचे होते कोण जाणे. ते फोनकडे पाहत होते. आपल्याच घरात, आपल्याच बायकोशी, आपल्याच शब्दांत दुसरं कुणीतरी फडाफडा बोलताना ऐकल्यावर माणसाचा चेहरा कसा होईल, तसा तो झाला होता.

मावशींना चोरी पकडल्यासारखं झालं. त्यांनी घाईघाईने फोन पालथा घातला.

"अहो, तसं नाही काही. मी आपली सहज..."

"नाही," सर म्हणाले. डावा हात त्यांनी फोनच्या दिशेने झटकला. "नाही. नाही."

मावशी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. "तो म्हणाला ते तुम्हाला म्हणायचं नाही?"

"नाही."

"रस्ता चालू ठेवायचा नाही?"

सर थांबले. त्यांचं कपाळ आक्रसलं. "नाही."

मावशींच्या मनात आनंदाची एक लहर उठली. "म्हणजे बंद करायचा? माझ्यासारखं?"

"नाही," सर म्हणाले. मग मोठ्या कष्टाने, जणू जिन्यावरून जड कपाट खाली आणतोय अशा आवाजात, "बस. बस."

"मी बसलेच आहे हो," मावशी म्हणाल्या.

सरांनी डोळे मिटून घेतले. मग ती शिवी हासडली, पण हळू, कुणालाच उद्देशून नाही.

रात्रीच्या जेवणाआधी मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात राहायची, सगळं ऐकून घ्यायची आणि पटकन तोडगा काढायची.

"आई, यात एवढा घोळ कसला? तू जबाबदारी घे आणि 'बंद' करून टाक. बाबांच्या भल्याचंच आहे ना? मुखत्यार बोलतोय ते जुने बाबा. त्यांना चालता येत होतं, गाडी होती. आता परिस्थिती वेगळी आहे."

"त्यांनी याही वेळी नाहीच म्हटलं."

"डॉक्टर म्हणाले ना, नाहीचा अर्थ हं असू शकतो."

"असू शकतो. नसूही शकतो."

"मग तू जे ठरवशील ते."

तोच तर वांधा होता. फोन ठेवल्यावर मावशींनी पालिकेचा निरोप पुन्हा उघडला. 'जबाबदारी घेते' या शब्दांवर बोट नेलं. इतकी वर्षं भांडूनही जे मिळालं नव्हतं ते बोटाच्या टोकावर आलं होतं. एका घरातून दोन मतं, दोन्ही आपली. कुणी विचारणार नव्हतं. सरांचं काही वाकडं होणार नव्हतं, झालं तर चांगलंच.

पण त्यांना ते जमेना. ज्या माणसाचं मत त्यांना कधीच वळवता आलं नाही, त्याचं मत तो मुका झाल्यावर खिशात घालायचं, ही कल्पना त्यांच्या घशाखाली उतरेना. आणि मुखत्याराकडे सोडावं, तर सरांनी त्याच्याकडे पाहून झटकलेला हात डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्यांनी फोन बंद केला, बाहेर गेल्या आणि सरांच्या खुर्चीशी उभ्या राहिल्या.

"शनिवारी रस्त्याच्या प्रश्नावर सभा आहे," त्या म्हणाल्या. "आपण जायचं. तुमचं तुम्ही सांगायचं. मला कळलं नाही तर तिथे कुणाला तरी कळेल."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हं."

सभा शाळेच्या व्यायामशाळेत होती. खुर्च्या भरपूर मांडल्या होत्या, माणसं तुरळक. समोरच्या पडद्यावर रस्त्याचा नकाशा होता, आणि एका कडेला मुखत्यारांच्या उत्तरांचे दोन खांब, एक हिरवा, एक राखाडी. हिरवा, 'बंद'चा, थोडा उंच होता. नगरसेविका चाळिशीची, कष्टाळू बाई, घसा बसलेला. शेजारी पालिकेचा सचिव, इस्त्रीचा सदरा, बोलण्यात अतिशय नम्र.

सरांनी मावशींकडून दाढी करून घेतली होती आणि टाय लावायला लावला होता. त्यांना आत येताना पाहून मागच्या रांगेतल्या दोघांनी उठून नमस्कार केला. दोघंही त्यांच्याकडेच गाडी शिकलेले.

मावशींची पाळी आली तेव्हा त्या उभ्या राहिल्या. नाट्यगृहात आयुष्य गेलं तरी त्या नेहमी पडद्यामागे असायच्या. "माझं म्हणणं मी कळवलंय," त्या म्हणाल्या. "मी यांना घेऊन आलेय. यांना बोलायचंय."

सचिवाने पुढ्यातल्या संगणकात पाहिलं. "सरांचं उत्तर त्यांच्या मुखत्याराने दिलेलं आहे, मावशी. व्यवस्थित, कारणांसह. एका माणसाची दोन उत्तरं घेता येत नाहीत. आपल्याला ते बदलायचं असेल तर काळजीवाहक म्हणून..."

"मला बदलायचं नाही. त्यांनाच विचारा. ते इथे बसलेत."

सचिवाने नगरसेविकेकडे पाहिलं. नगरसेविकेने माइक बाजूला सारला, उठून खाली आली आणि सरांसमोरच्या खुर्चीत बसली.

"सर, रस्ता बंद व्हावा असं तुम्हाला वाटतं का?"

"नाही."

"मग आहे तसा चालू राहावा?"

सरांचे ओठ हलले. आवाज आला नाही. कुणीतरी खाकरलं. कुणीतरी घड्याळ पाहिलं. मावशींनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. सरांच्या जागी बोलावं, वाक्य पुरं करावं, असं त्यांना इतकं वाटत होतं की जीभ दाताखाली धरावी लागली.

"नाही," सर शेवटी म्हणाले. आणि मग, "बस."

"ठीक आहे सर," नगरसेविका मऊ आवाजात म्हणाली. "पुरे करू या. तुम्ही आलात हेच खूप झालं."

ती उठायला लागली. सरांनी डाव्या हाताने तिची ओढणी धरली.

"बस," ते म्हणाले. ती गोंधळून पुन्हा खाली बसली. सरांनी जोरजोरात मान हलवली. "नाही. बस. बस." मग ओढणी सोडून त्यांनी चाकाला हात घातला. मावशी खुर्ची ढकलायला धावल्या, तर त्यांनी कोपराने त्यांना दूर केलं. एका हाताने आणि एका पायाने खुर्ची सरळ जात नाही, वळते. ती वळत होती, सर ती पुन्हा सरळ करत होते. सभा बघत होती. पडद्यापाशी पोचल्यावर त्यांनी हात उंच केला आणि नकाशावर बोट टेकवलं. तिथे, इस्पितळाच्या कोपऱ्यापासून बागेपर्यंत, एक बारीक निळी रेघ होती. त्यांचं बोट त्या रेघेवरून उताराने खाली आलं, पुन्हा वर गेलं.

"बस," सर म्हणाले.

मागच्या रांगेतून आवाज आला, "अरे, बस म्हणतायत. आपली बस, सर रोज उपचाराला जातात ती. रस्ता बंद केला तर ती खालच्या हमरस्त्यावरून जाणार, आणि तिथे उतरायला नुसत्या पायऱ्या आहेत."

खिडकीशी बसून रोज हात करणारे सर मावशींना दिसले, आणि लगबगीने खुर्ची ओढणाऱ्या स्वतः दिसल्या. इतके महिने हा माणूस बसबद्दल काहीतरी सांगत होता, आणि आपण त्याला विजार सुटल्याच्या गोष्टी सांगत होतो. त्यांना हसू येत होतं आणि आपल्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती.

"सर," नगरसेविकेने विचारलं, आता घाई न करता, "गाड्या बंद, झाडं, बाकं, सगळं. पण बस राहू द्यायची. असं?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. चेहरा सैल पडला. "हं," ते म्हणाले. "हं. हं."

सचिव संगणकाकडे बघत म्हणाला, "पण हा पर्याय प्रश्नात नाहीच." बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते कसंसं वाटलं असावं, कारण त्याने चष्मा काढला आणि पुसला. "म्हणजे, आपण तो विचारलाच नव्हता."

मग सभा खऱ्या अर्थाने सुरू झाली. बस राहिली तर झाडं कडेला घ्यावी लागतील. बाकं कुठे? इस्पितळात येणाऱ्या बाळंतिणींचं काय? औषधाच्या दुकानवाल्याचा माल कुठून उतरणार? आतापर्यंत गप्प बसलेली माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलायला लागली. सर पडद्यापाशीच होते. त्यांनी मावशींकडे पाहून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हाताने थोपटलं.

"बस," ते म्हणाले.

या वेळी चूक व्हायची शक्यता नव्हती. मावशी बसल्या.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. पालिकेने प्रश्न नव्याने मांडला, तीन पर्याय घालून, आणि या खेपेला मुखत्यारांना परस्पर उत्तर द्यायची मुभा दिली नाही. ज्याने त्याने निदान एकदा स्वतः हो म्हणायचं. काही लोक वैतागले, त्यांना वेळ नव्हता. पण बरेच जण सभेला आले, आणि बस राहिली. आजाऱ्यांच्या बाबतीतही नियम बदलला. माणूस बोलेनासा झाला की त्याचा मुखत्यार आपोआप थांबेल आणि पालिकेचं माणूस घरी येऊन, थांबून, विचारेल. हा नियम सचिवाने स्वतः लिहिला. 'थांबून' हा शब्द त्यात घालावा की नाही यावर पालिकेत वाद झाला म्हणे. तो राहिला.

सरांचा मुखत्यार थांबवण्याआधी मावशींनी त्याला एकच विचारलं, आणि या वेळी सरांच्या देखत, दार उघडं ठेवून.

"तू त्यांना का विचारलं नाहीस?"

"मला उत्तर द्यायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "विचारायला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर विचारलं असतं."

सर हसले. खांदे हलेपर्यंत हसले. मावशींना वाटलं होतं की आपल्याला फार जड जाईल. थोडं गेलंही. नंतर काही दिवस स्वयंपाकघर त्यांना फार शांत वाटायचं. एकदा तर आमटी ढवळताना त्या मोठ्याने म्हणाल्या, "कारंजं हवंच बागेत," आणि उत्तराची वाट बघत राहिल्या. बाहेरच्या खोलीतून, बऱ्याच वेळाने, उत्तर आलं.

"नाही."

मावशी पळी हातात घेऊन बाहेर गेल्या. "का नाही?"

सरांनी विचार केला. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. "डास," ते म्हणाले. नवा शब्द होता. मावशींनी त्यावर वाद घातला नाही. खरं म्हणजे मुद्दा बिनतोड होता.

पुढच्या आठवड्यात नाट्यगृहाला सुट्टी होती. आदल्या दिवशी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला होता आणि मावशींची पाठ काम करत नव्हती. तरी त्या व्यायामवालीला म्हणाल्या, "आज मी नेते यांना."

बस आली, कडेला झुकली, फळी खाली आली. चालक पन्नाशीचा, मिशीवाला. त्याने खाली उतरून खुर्ची आत घेतली, आपल्या मागच्याच जागेत अडकवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. पण गाडी सोडली नाही. आरशात पाहत म्हणाला, "सर, निघू का?"

सरांनी आरसा पाहिला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग मान हलवली. बस निघाली.

"रोज असंच?" मावशींनी विचारलं.

"रोज," चालक म्हणाला. "सरांनी शिकवलंय मला. ते हो म्हणाल्याशिवाय गाडी हलत नाही. लोकांनाही सवय झालीय."

मागे एक बाई पिशव्या सांभाळत हसली. मावशी सरांच्या शेजारच्या आसनावर बसल्या. बस उताराने खाली निघाली, रस्त्याच्या कडेला झाडांसाठी खड्डे खणायला सुरुवात झाली होती, ते त्या मोजू लागल्या आणि मोजता मोजता त्यांचं डोकं कलंडलं.

जाग आली तेव्हा बस उभी होती, रिकामी. बाहेर शेवटच्या थांब्यावर चालक भिंतीला टेकून चहा पीत होता. उपचार केंद्र केव्हाच मागे गेलं होतं. मावशींचं डोकं सरांच्या खांद्यावर होतं, त्यांच्या चांगल्या खांद्यावर, आणि सरांनी त्यांची पर्स मांडीवर घेऊन डाव्या हाताने घट्ट धरून ठेवली होती.

"अहो, उतरायचं होतं की आपल्याला," मावशी दचकून म्हणाल्या. "उठवलं का नाहीत मला?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. शब्द शोधला. तो मिळायला वेळ लागला, आणि मावशी थांबल्या.

"झोप," सर म्हणाले.

चालक चहा संपवून वर आला, आरशात पाहून काही न विचारता वाट बघत राहिला. सरांनी मान हलवली, आणि मावशींनी पुन्हा डोळे मिटले.